स्तन ठेवला म्हणून कॅन्सर उलटला का? आणि उलटला म्हणजे पसरलाच का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो कसा समजला ते आधी सांगते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

तुमची ताई ४६ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनातली २.२ सेंटिमीटरची गाठ काढली, स्तन ठेवला. काखेतल्या तीन गाठी (लिम्फ नोड) तपासल्या, त्यांतल्या एकीत कॅन्सर निघाला. ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन हॉर्मोनवर वाढणारा; हर-टू निगेटिव्ह, म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला; ग्रेड दोन, म्हणजे मध्यम; कडा स्वच्छ. केमो झाली, रेडिएशन झालं, टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोनला अडवणारी रोजची गोळी सुरू झाली. ती ‘मध्ये काही महिने बंद होती’, असं तुम्ही कंसात लिहिलंय. आता आंघोळ करताना तिच्या हाताला व्रणाशेजारी टणक काहीतरी लागलं, मॅमोग्राममध्येही तिथे काहीतरी दिसतंय आणि पुढच्या आठवड्यात बायोप्सी आहे. घरचे म्हणतात, ‘तेव्हाच अख्खा काढून टाकला असता तर ही वेळ आली नसती.’ आणि स्तन ठेवूया हा आग्रह तुमचा होता.

तुम्ही विचारलंय, ‘आता सगळीकडे पसरला असेल का?’ पण तुमची झोप उडालीय ती वेगळ्याच प्रश्नाने: हे माझ्यामुळे झालं का? त्याचं उत्तर आधी देते. नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. त्यामागे पन्नास वर्षांचा अभ्यास आहे, तो खाली सांगते. मी गेली बावीस वर्षं स्तनाच्या शस्त्रक्रिया करते. तुमच्यासारखी कुणीतरी खुर्चीत माझ्यासमोर बसून हाच प्रश्न विचारते तेव्हा मी जे सांगते तेच इथे लिहितेय. ताईला तपासलेलं नाही, फिल्म पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे तिच्या गाठीबद्दल निकाल देणं मला शक्य नाही.

पहिली गोष्ट. व्रणाजवळ टणक लागलं म्हणजे कॅन्सर उलटलाच असं नाही. ऑपरेशन आणि रेडिएशन या दोन्हींतून गेलेल्या स्तनात मेदाचा एखादा तुकडा रक्तपुरवठ्याअभावी मरतो आणि तिथे घट्ट गोळा होतो. वैद्यकीय भाषेत त्याला फॅट नेक्रोसिस म्हणतात. हा प्रकार भलताच फसवा आहे. ऑपरेशननंतर कित्येक महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही हाताला लागतो. दगडासारखा कडक असतो, कातडी आत ओढून घेतो, आणि मॅमोग्राममध्ये काही वेळा थेट कॅन्सरसारखा काटेरी दिसतो. माझ्या एका पेशंटला चौथ्या वर्षी अशी गाठ लागली. तपासताना माझाही चेहरा पडला असणार, कारण तिने लगेच नवऱ्याचा हात धरला. बायोप्सीत निघाला मेलेला मेद. त्या दिवसापासून नुसत्या बोटांच्या भरवशावर मी ‘बहुतेक परत आलाय’ असं पेशंटसमोर म्हणत नाही. ‘काही नाही, व्रणच आहे’ असंही म्हणत नाही. ती चूक तर जास्त महागात पडते. बायोप्सी ठरली आहे हे योग्यच झालं.

आता समजा, बायोप्सीत कॅन्सर निघाला. इथे दोन शब्दांची गल्लत होते आणि सगळी भीती त्या गल्लतीतून येते. एक, कॅन्सर त्याच स्तनात उलटणं. दोन, तो हाडात, फुफ्फुसात, यकृतात किंवा मेंदूत पसरणं. दोन्हींत नातं आहे, पण त्या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीवर बहुतेक वेळा बरं करण्याच्या उद्देशाने उपचार होतो. दुसरीत आजार ताब्यात ठेवणं हा उद्देश असतो.

ही गल्लत सामान्य माणसाचीच नाही, एके काळी ती शास्त्राचीही होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतले सर्जन विल्यम हॉलस्टेड यांची धारणा अशी होती, की स्तनाचा कॅन्सर भिंतीत ओल चढावी तसा चढतो: आधी गाठ, मग आजूबाजूचं स्तन, मग काख, मग पुढे शरीरभर. असं असेल तर जितकं जास्त कापाल तितकं बरं. म्हणून स्तन, छातीचे स्नायू, काख असं सगळं एकत्र काढायची पद्धत पडली आणि जवळजवळ पाऊणशे वर्षं टिकली. तुमच्या नातेवाइकांचं म्हणणं हेच आहे, त्यांना हॉलस्टेडचं नाव माहीत नाही एवढंच.

पुढे बर्नार्ड फिशर या अमेरिकी सर्जननी याच्या बरोबर उलट मत मांडलं. त्यांचं म्हणणं, पेशी दूर जायच्या असतील तर गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी रक्तातून गेलेल्या असतात; मग स्तनाचा किती भाग कापला यावर पुढचं आयुष्य फारसं अवलंबून राहत नाही. मत कुणीही मांडेल, पण त्यांनी ते तपासायला लावलं. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या चाचणीत स्त्रियांचे तीन गट केले: अख्खा स्तन काढलेल्या, फक्त गाठ काढलेल्या, आणि गाठ काढून रेडिएशन दिलेल्या. २० वर्षांनंतरचा हिशोब २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. इटलीत मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचा २० वर्षांचा निकालही त्याच वर्षी आला. त्यात स्तन ठेवलेल्या ३५२ जणींपैकी ३० जणींना त्याच स्तनात कॅन्सर उलटला; मोठं ऑपरेशन झालेल्या ३४९ जणींपैकी ८ जणींना त्या जागी उलटला. मृत्यूचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखंच.

या आकड्यांत तुमचं उत्तर आहे, आणि ते मी अर्धवट सांगणार नाही. स्तन ठेवला तर त्याच जागी उलटण्याची शक्यता थोडी जास्त असते, हे खरं. स्तन शिल्लक आहे म्हणजे त्यात काही होण्याची जागाही शिल्लक आहे. पण स्तन काढल्यावर ती शून्य होत नाही. त्या आठ जणींना छातीच्या भिंतीवर, कातडीत, व्रणात उलटलाच. आणि दूर पसरून जीव जाण्याचा धोका अख्खा स्तन काढल्याने कमी झाला नाही. तुम्ही ताईला स्तन ठेवायला सांगितलंत तेव्हा तिच्या आयुष्याची वर्षं पणाला लावली नव्हती. शिवाय हे आकडे सत्तर-ऐंशीच्या दशकांत ऑपरेशन झालेल्या स्त्रियांचे आहेत. आज औषधं चांगली आहेत, इमेजिंग चांगलं आहे, कडा काटेकोरपणे तपासतात, त्यामुळे त्याच जागी उलटण्याचं प्रमाण तेव्हापेक्षा खाली आलंय.

‘कडा स्वच्छ होत्या, तरी कसा उलटला?’ हा तुमचा दुसरा प्रश्न. कडा स्वच्छ म्हणजे काय ते जवळून सांगते, कारण रिपोर्टातल्या त्या दोन शब्दांवर लोकांचा विश्वास एक तर फार असतो, नाहीतर अजिबात नसतो.

गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी भागासकट बाहेर काढली की तो तुकडा हातात सगळीकडून सारखाच दिसतो. म्हणून टेबलावरून हलवायच्या आधीच मी त्याला दोरे लावते: आखूड दोरा वरच्या अंगाला, लांब दोरा बगलेच्या अंगाला. हे उलटसुलट झालं तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून नर्स मोठ्याने म्हणते आणि मी मोठ्याने हो म्हणते. स्तनातल्या पोकळीत छोट्या धातूच्या क्लिपा ठेवतो, म्हणजे रेडिएशन देणाऱ्याला नेमकी जागा कळते. तुकडा पॅथॉलॉजीत गेला की त्याच्या प्रत्येक बाजूला वेगळ्या रंगाची शाई फासतात, मग पावाच्या लादीसारखे काप करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, की कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्यात का. टेकल्या नसतील तर कडा स्वच्छ. आत शिरणाऱ्या, म्हणजे इन्व्हेसिव्ह कॅन्सरसाठी २०१४ पासून नियम एवढाच आहे: शाईवर कॅन्सर नको. त्याच्यापुढे आणखी रुंद पट्टा कापल्याने फायदा दिसलेला नाही.

पण यातली एक मर्यादा लक्षात घ्या. तुकड्याचा प्रत्येक कण कुणीही पाहत नाही, पाहणं शक्यही नाही. काप घेतात ते ठरावीक अंतरांवर. आणि त्याच स्तनात थोड्या अंतरावर चुकार पेशींचं एखादं बेट असू शकतं, ज्याचा कडांशी संबंधच नसतो. रेडिएशन द्यायचं ते त्याच बेटांसाठी. फिशर यांच्या चाचणीत २० वर्षांत रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात कॅन्सर उलटला, घेतलेल्यांपैकी १४.३ टक्के. म्हणून रेडिएशन हा स्तन ठेवणाऱ्या ऑपरेशनचा अर्धा भाग आहे असंच मी पेशंटला सांगते. पासष्ट-सत्तरीच्या पुढे, लहान, ईआर पॉझिटिव्ह आणि काख स्वच्छ असलेल्या गाठीत ते सोडता येतं, पण तो ताईचा विषय नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे त्याच जागी उलटणं ही किरकोळ बाब आहे. तसंही नाही. फिशर यांचं मत असं होतं, की स्थानिक उलटणं ही फक्त खूण आहे. आजार मुळात आक्रमक असल्याची सूचना, पसरण्याचं कारण नव्हे. बऱ्याच अंशी ते बरोबर ठरलं, पूर्णपणे नाही. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने १७ चाचण्यांमधल्या १०,८०१ स्त्रियांची आकडेवारी एकत्र मांडली. रेडिएशनने १० वर्षांतलं उलटणं, जवळचं आणि दूरचं मिळून, ३५ टक्क्यांवरून १९.३ टक्क्यांवर आलं. १५ वर्षांतले कॅन्सरने झालेले मृत्यू २५.२ टक्क्यांवरून २१.४ टक्क्यांवर आले. सोप्या भाषेत, चार जणींचं उलटणं टळलं तर त्यामागे एकीचा जीव वाचला. म्हणजे चारांपैकी तिघींच्या बाबतीत उलटण्या-न उलटण्याने आयुष्याचा निकाल बदलला नाही, एकीचा बदलला. मी या ‘एकी’ला फार मान देते. म्हणून तर गाठ लागल्यावर ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं म्हणू नका सांगते, आणि त्याच दमात ‘सगळं संपलं’ असंही म्हणू नका सांगते.

बायोप्सीत कॅन्सर निघाला तर डॉक्टर कोणत्या गोष्टी तोलतील, ते आता सांगते.

हा जुनाच कॅन्सर आहे की नवा? त्याच जागी, त्याच प्रकारचा, तीन वर्षांत आला तर बहुधा जुना. दुसऱ्या कोपऱ्यात, वेगळ्या रूपाचा, सात-आठ वर्षांनी आला तर बहुधा नवा, आणि नव्याचं भवितव्य साधारणपणे जास्त चांगलं असतं. किती काळाने आला यालाही फार वजन आहे. दोन वर्षांच्या आत उलटला तर आम्ही जास्त धास्तावतो. पाच वर्षांनंतर बराच कमी. ताईची तीन वर्षं मधल्या पट्ट्यात येतात, त्यामुळे नुसत्या कालावधीवरून मी काही बोलणार नाही. मग गाठीची तपासणी नव्याने: ईआर, पीआर (दुसऱ्या एका हॉर्मोनची तशीच तपासणी), हर-टू पुन्हा करायचेच. ‘मागच्या वेळी केले होते की’ हे उत्तर चालत नाही, कारण उलटलेला कॅन्सर कधी कधी रूप बदलून येतो आणि औषध त्या नव्या रूपावर ठरतं.

यानंतर शरीराची पूर्ण तपासणी: पेट-सीटी किंवा छाती-पोटाचा सीटी आणि हाडांचा स्कॅन. ‘पसरलाय का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मिळेल, त्याआधी कुणालाच देता येणार नाही. व्रणाच्या गाठीवरून तर नाहीच.

पसरलेला नसेल तर साधारण मार्ग असा: या वेळी स्तन काढायचा, काख पुन्हा तपासायची. एकदा पूर्ण स्तनाला रेडिएशन झालं की तोच डोस पुन्हा देता येत नाही, म्हणून दुसऱ्यांदा स्तन ठेवणं हा सरसकट पर्याय नाही. गाठ लहान आणि बऱ्याच काळाने आलेली असेल तर निवडक स्त्रियांत पुन्हा फक्त गाठ काढून मर्यादित भागाला रेडिएशन देतात, पण ते अनुभवी टीमने ठरवायचं काम आहे. स्तन काढताना त्याच वेळी किंवा नंतर नवा घडवता येतो. रेडिएशन झालेल्या कातडीत नुसत्या इम्प्लांटला त्रास जास्त होतो, म्हणून पोटाच्या किंवा पाठीच्या मांसाचा वापर केला जातो. हे ताईला आधीच विचारून ठेवू दे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी विचार करायला वेळ नसतो.

केमो पुन्हा लागेल का? उलटलेल्या गाठीच्या ईआरवर आहे. ईआर निगेटिव्ह निघाली तर केमोचा फायदा चाचणीत स्पष्ट दिसलाय. ईआर पॉझिटिव्ह असेल तर तसा दिसलेला नाही. तिथे मुख्य शस्त्र हॉर्मोनच्या गोळ्या, आणि त्या बदलाव्या लागतात. पाळी चालू असेल तर अंडाशयाचं काम थांबवणारी इंजेक्शनं आणि त्यासोबत वेगळ्या जातीची गोळी, असा साधारण बदल असतो.

एक गोष्ट इथेच लिहून टाकते, नाहीतर राहील. पन्नाशीच्या आत कॅन्सर झालेल्या स्त्रीची जनुकीय तपासणी, म्हणजे बीआरसीए वगैरे, झालेली असायला हवी. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. झाली नसेल तर आता विचारा. तिथे दोष सापडला तर ऑपरेशन कोणतं हे बदलू शकतं, दुसऱ्या स्तनाचा आणि अंडाशयाचा विचार करावा लागतो. आणि तुम्ही सख्ख्या बहीण आहात. तो निकाल तुमच्याही कामाचा आहे. तुमचा शेवटचा मॅमोग्राम कधी झाला, हे मी विचारायला नको, पण विचारतेय.

आता पसरण्याबद्दल. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनने १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी चाळल्या. दूरच्या गाठी सगळ्या अवयवांत सारख्या सापडायला हव्या होत्या, पण तशा सापडत नव्हत्या. त्याने म्हटलं, बी सगळीकडे उडतं, उगवतं मात्र मानवेल त्याच जमिनीत. ते आजही खरं आहे. स्तनाच्या पेशींना हाडं मानवतात, मग फुफ्फुस, यकृत, मेंदू. लोब्युलर, म्हणजे दूधग्रंथींत सुरू होणाऱ्या जातीचा कॅन्सर पोटाच्या अस्तरात किंवा अंडाशयातही जातो. आणि बी पडल्या पडल्या उगवतं असंही नाही. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेल्या जातीत पसरायचा असेल तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत पसरतो, पाच वर्षांनंतर धोका झपाट्याने उतरतो. ईआर पॉझिटिव्ह जातीत पेशी वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पाच वर्षं गोळ्या घेऊन ठणठणीत राहिलेल्या स्त्रियांकडे पुढे लक्ष ठेवलं होतं. गाठ लहान आणि काख स्वच्छ असलेल्यांतही विसाव्या वर्षापर्यंत १३ टक्के जणींत आजार दूर पसरला. स्तनातली गाठ तेवढीच लहान, पण काखेतल्या चार ते नऊ गाठींत कॅन्सर असलेल्यांत ३४ टक्के. म्हणून ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हे वाक्य मी ईआर पॉझिटिव्ह पेशंटला कधीच म्हणू देत नाही. ती बिचारी पेढे घेऊन येते आणि मी गोळ्यांचं विचारते.

मग दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन का करत नाहीत, असं तुम्ही थोड्या रागानेच विचारलंय. राग समजतो. पण हे करून पाहिलेलं आहे. इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांत, दोन्ही १९९४ साली प्रसिद्ध झाल्या, एका गटाला नियमित स्कॅन आणि एक्स-रे, दुसऱ्याला फक्त डॉक्टरी तपासणी आणि मॅमोग्राम. एका चाचणीत स्कॅनवाल्यांत पसरलेला आजार थोडा आधी कळला, आयुष्य मात्र दोन्हींत वाढलं नाही. तेव्हाची औषधं जुनी होती हा आक्षेप रास्त आहे, पण त्रास नसताना सरसकट स्कॅन किंवा ट्यूमर मार्कर ही रक्ततपासणी करत राहण्याची शिफारस अजूनही नाही. त्यांत खोट्या सावल्या फार निघतात आणि त्यांच्यामागे बायोप्स्या. स्तनाचं वेगळं आहे. तिथे लवकर सापडण्याला अर्थ आहे, म्हणून दर वर्षी मॅमोग्राम चुकवायचा नाही.

पेशंटने काय सांगायला हवं, ते मी फार थोडक्यात सांगते, कारण लांब यादी दिली की माणसं प्रत्येक शिंकेला घाबरतात. नवं दुखणं, जे दोन-तीन आठवड्यांत कमी न होता वाढतंय, विशेषतः रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं. विनाकारण दम, न जाणारा खोकला. डोळे पिवळे. उलटीसोबत डोकेदुखी. काखेत किंवा गळपट्टीच्या हाडावर गाठ. स्तनाच्या कातडीवर नवे पुरळ किंवा जांभळे डाग. यांसाठी त्या आठवड्यात डॉक्टर. आणि पाठदुखीसोबत पायात ताकद नाही किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. तिथे तासांचा हिशोब असतो.

समजा, स्कॅनमध्ये पसरलेला निघालाच. तो पूर्ण बरा होण्याची अपेक्षा आम्ही साधारणपणे देत नाही, हे खोटं बोलून झाकण्यात अर्थ नाही. पण ईआर पॉझिटिव्ह आजारात हॉर्मोनच्या गोळ्यांसोबत पालबोसिक्लिब, रायबोसिक्लिब, ॲबेमासिक्लिब या गटातली औषधं आल्यापासून चित्र बरंच बदललंय. फक्त हाडात आजार असलेल्या, वर्षानुवर्षं कामावर जाणाऱ्या बायका माझ्या ओपीडीत येतात. त्या टप्प्यावर ‘स्तन आता तरी काढा’ असा घरातून पुन्हा दबाव येतो. ते ऑपरेशन तेव्हा सहसा उपयोगाचं नसतं, जखम वगैरे नसेल तर.

आता तुमच्या कंसातल्या वाक्याकडे येते. ‘मध्ये काही महिने बंद होती.’

स्तन ठेवला की काढला यावर घराघरांत जितकं भांडण होतं, त्याच्या दशांशही बोलणं या गोळीवर होत नाही. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांमध्ये त्या पाच वर्षांतलं उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, आणि १५ वर्षांतले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. ऑपरेशन मोठं की छोटं, याने असा फरक कधीच पडला नाही. पण गोळी लहानशी, पांढरी, रोजची; तिचा दिसणारा परिणाम काहीच नाही आणि त्रास मात्र रोजचा. अंगातून वाफा निघाव्यात तशा गरम लाटा, रात्री भिजलेलं उशीचं कव्हर, चिडचिड, कोरडेपणा, वजन. बाई कुणाला सांगत नाही. आधी एक दिवसाआड घेते, मग पाकीट संपलं की आणत नाही, आणि आम्ही विचारलं की ‘चालू आहे’ म्हणते. मी हल्ली ‘घेतेस ना?’ असं विचारतच नाही. ‘आठवड्यात किती राहतात?’ असं विचारते. मग खरं उत्तर येतं.

काही महिने बंद राहिल्यामुळेच ही गाठ आली, असं मी म्हणत नाही. एका बाईच्या बाबतीत ते सिद्ध करता येत नाही, आणि गोळी अगदी नेमाने घेणाऱ्यांतही उलटतो. पण नक्की कधीपासून कधीपर्यंत बंद होती हे ऑन्कॉलॉजिस्टला कळणं फार गरजेचं आहे. गोळी चालू असताना उलटला असेल तर त्याचा अर्थ ‘हे औषध लागू पडलं नाही’. बंद असताना उलटला असेल तर अर्थ वेगळा, आणि पुढची गोळी त्यावरून निवडतात. घरातल्या कुणी रागावेल म्हणून ताईने ते लपवलं तर चुकीचं औषध सुरू होईल. त्रास कशाने होत होता तेही सांगायला हवं. गरम लाटांवर उपाय आहेत. फक्त त्यासाठी कुणी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन दिलं असेल तर टॅमॉक्सिफेनसोबत ती नकोत. टॅमॉक्सिफेन शरीरात जिथे कामाचं रूप घेते तिथेच ती आड येतात. दुसरी औषधं आहेत.

राहिली बायोप्सी. ‘सुई टोचली की पसरतो’ हे तुमच्या घरी कुणीतरी म्हणालंय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. म्हणणाऱ्याने बहुधा असं पाहिलेलं असतं, की शेजारची एक बाई बायोप्सीनंतर वर्षभरात गेली. ती गेली तिच्या आजाराने. सुईने फक्त त्याला नाव दिलं. जाड सुईची, म्हणजे कोअर बायोप्सी करतील. जागा बधिर करतात, ताशासारखा खट्ट आवाज होतो, ताईला आधी सांगून ठेवा म्हणजे ती दचकणार नाही. नंतर थोडं काळंनिळं होतं. निकालात ‘फॅट नेक्रोसिस’ आलं तर एकच विचारा: हा निकाल मॅमोग्राममध्ये दिसतंय त्याच्याशी जुळतो का? जुळत नसेल तर पुन्हा बायोप्सी किंवा एमआरआय. सुई शेजारीच गेली असं होऊ शकतं.

जाताना जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट, ऑपरेशनच्या नोंदी, आणि रेडिएशनचा डोस लिहिलेला कागद न्या. जुन्या गाठीचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड जिथे ऑपरेशन झालं तिथे मागून घ्या. जुनी आणि नवी गाठ एकाच पॅथॉलॉजिस्टने शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर ‘जुनाच की नवा’ याचं उत्तर सगळ्यात भरवशाचं मिळतं. आणि एका कोऱ्या कागदावर ताईच्या हाताने, तुमच्या नव्हे, गोळी बंद केल्याचा महिना आणि परत सुरू केल्याचा महिना लिहून न्या. ती लिहीत असताना तुम्ही खोलीत नसलात तर बरं.